नव्या संसर्गजन्य रोगांचा प्रतिबंध आणि नियंत्रण: सैद्धांतिक चौकटी प्रत्यक्ष कशा वापराव्यात

नव्याने उद्भवलेल्या रोगाची मोठी अडचण ही असते की, निर्णय आधी घ्यावे लागतात आणि माहिती नंतर मिळते. रोगजंतू कोणता, तो कुठून आला, माणसाकडून माणसाकडे पसरतो की नाही, लक्षणे दिसण्याआधीच रुग्ण इतरांना बाधित करतो का, यांपैकी एकाही प्रश्नाचे पक्के उत्तर हाती नसताना विलगीकरण, प्रवासावरील निर्बंध, जनावरांची विल्हेवाट अशी गंभीर पावले उचलायची की नाहीत, हे ठरवावे लागते. अशा वेळी सैद्धांतिक चौकटीचा उपयोग होतो, कारण कोणता प्रश्न आधी विचारायचा आणि मिळालेली माहिती कुठे मांडायची, याची शिस्त ती लावते. मात्र अनेक आराखड्यांत या चौकटी पहिल्या प्रकरणात आकृतीच्या रूपाने येतात आणि पुढच्या एकाही निर्णयाशी त्यांचा संबंध उरत नाही. त्यामुळे साथरोग नियंत्रणाचा आराखडा लिहिणाऱ्या, शिकणाऱ्या किंवा तपासणाऱ्या वाचकासाठी प्रत्येक चौकट कोणत्या निर्णयाला जोडायची, हे येथे सांगत आहे.

प्रथम ‘नवा रोग’ या शब्दाची व्याप्ती ठरवून घ्यावी. २००२ साली आढळलेल्या सार्स या श्वसनरोगासारखा पूर्वी माहीतच नसलेला रोग, १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये पोहोचलेल्या वेस्ट नाईल विषाणूसारखा जुना पण नव्या प्रदेशात शिरलेला रोग, आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगासारखा जुनाच पण नव्या रूपात उभा राहिलेला रोग, हे तिन्ही या संज्ञेत येतात. तिघांसाठी करायची कामे मात्र वेगळी असतात. पहिल्यात कारणाचा शोध, दुसऱ्यात वाहकाचा आणि परिसराचा अभ्यास, तर तिसऱ्यात उपचारपद्धतीतील त्रुटींचा शोध महत्त्वाचा ठरतो.

आधी निर्णय लिहा, मग चौकट निवडा

कोऱ्या कागदावर सर्वप्रथम जो निर्णय घ्यायचा आहे तो एका वाक्यात लिहावा. ‘रुग्णांच्या संपर्कात आलेल्या सर्वांना घरी थांबवायचे का?’ हा एक निर्णय झाला. ‘लोकांना तपासणीसाठी पुढे यावेसे का वाटत नाही?’ हा वेगळाच प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर संसर्गाच्या गणितातून मिळते, दुसऱ्याचे वर्तनशास्त्रातून. दोन्हींसाठी एकच आवडती चौकट वापरण्याचा मोह टाळला पाहिजे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९२ च्या अहवालात नवे रोग उद्भवण्याची सहा कारणे सांगितली होती आणि २००३ मध्ये ती यादी तेरापर्यंत वाढवली; तीत सूक्ष्मजीवांमधील बदलांपासून जमिनीचा वापर, प्रवास, व्यापार, दारिद्र्य आणि राजकीय इच्छाशक्तीच्या अभावापर्यंत सारे काही आले. इतक्या निरनिराळ्या कारणांना एकच चौकट पुरी पडणे शक्य नाही.

रोगकारक, यजमान आणि परिसर: चुकीचे गृहीतक पकडण्यासाठी

साथरोगशास्त्रातील सर्वांत जुनी आणि साधी चौकट म्हणजे रोगकारक, यजमान (ज्याला रोग होतो तो माणूस किंवा प्राणी) आणि परिसर यांचा त्रिकोण. विद्यार्थी तो पहिल्याच आठवड्यात शिकतात आणि कदाचित त्यामुळेच पुढे त्याकडे दुर्लक्ष करतात. माझ्या मते अज्ञात रोगाच्या पहिल्या काही दिवसांत याच्याइतके उपयोगी साधन दुसरे नाही, आणि त्याचे उत्तम उदाहरण मलेशियातील निपाहच्या उद्रेकात सापडते.

१९९८ च्या उत्तरार्धात मलेशियात डुकरे पाळणाऱ्यांमध्ये मेंदूज्वराचे रुग्ण दिसू लागले. त्या भागात जपानी मेंदूज्वर परिचयाचा होता, त्यामुळे तोच असावा असे समजून डासांविरुद्ध फवारणी आणि लसीकरण सुरू झाले. आता हीच माहिती त्रिकोणाच्या तीन रकान्यांत मांडून पाहावी. यजमानाच्या रकान्यात दिसते की, जपानी मेंदूज्वर प्रामुख्याने मुलांना होतो, पण येथे आजारी पडणारे बहुतेक प्रौढ पुरुष आहेत, त्यांचा डुकरांशी थेट संबंध आहे आणि लस घेतलेल्यांनाही आजार होत आहे. परिसराच्या रकान्यात दिसते की, त्याच गोठ्यांमधील डुकरेही आजारी आहेत. रोगकारकाच्या रकान्यात लिहिलेले ‘डासांमार्फत पसरणारा विषाणू’ हे उत्तर या दोन्ही नोंदींशी जुळत नाही. प्रत्यक्षात मार्च १९९९ मध्ये निपाह हा नवा विषाणू ओळखला गेला. तोवर साथ बरीच पसरली होती. मलेशियात २६५ रुग्णांची नोंद झाली, त्यांपैकी १०५ जण दगावले आणि साथ रोखण्यासाठी दहा लाखांहून अधिक डुकरे मारावी लागली.

म्हणून या चौकटीचा वापर असा करावा: प्रत्येक रकान्यात प्रत्यक्ष निरीक्षणे लिहावीत, अंदाज लिहू नयेत. रुग्णांचे वय, लिंग, व्यवसाय, आजार सुरू झाल्याची तारीख, आजाराआधीचा प्राण्यांशी, पाण्याशी आणि अन्नाशी आलेला संबंध हे सारे नोंदवल्यावर, प्रचलित गृहीतकाशी न जुळणाऱ्या नोंदींखाली रेघ ओढावी. या रेघा ओढलेल्या नोंदी वाढू लागल्या की, गृहीतक बदलण्याची वेळ आली आहे असे समजावे. आजार प्राण्यांमध्येही आहे का, हा प्रश्न पहिल्याच दिवशी पशुवैद्यकांना विचारावा. कर्नाटकातील क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडली. तेव्हापासून त्या पट्ट्यात माकडांचे मृत्यू ही रोगाची पूर्वसूचना मानली जाते.

संसर्गाची साखळी: हस्तक्षेपाची जागा ठरवण्यासाठी

त्रिकोणातून रोगाचे स्वरूप कळते, पण नेमके कुठे आडवे यायचे हे कळण्यासाठी संसर्गाच्या साखळीची गरज असते. या साखळीत सहा दुवे असतात: रोगजंतू, त्याचे आश्रयस्थान, तेथून बाहेर पडण्याचा मार्ग, पसरण्याचे माध्यम, नव्या शरीरात शिरण्याचा मार्ग आणि संसर्गास बळी पडू शकणारी व्यक्ती. एक दुवा तुटला तरी साखळी तुटते, असे पुस्तकात लिहिलेले असते. व्यवहारात मात्र कोणता दुवा कमी कष्टात, कमी खर्चात आणि लोकांचे कमीत कमी नुकसान करून तोडता येईल, हा खरा प्रश्न असतो.

निपाहचेच पुढचे उदाहरण घेऊ. विषाणूचे नैसर्गिक आश्रयस्थान म्हणजे फळे खाणारी मोठी वटवाघळे. आश्रयस्थानाचा दुवा तोडायचा म्हणून वटवाघळे मारावीत, असे कुणालाही प्रथम सुचेल. पण ती दूरवर उडतात, परागीभवन आणि बीजप्रसार करतात, आणि त्यांना हुसकावले तर ती नव्या जागी पसरण्याचीच शक्यता अधिक. मलेशियात डुकरांच्या गोठ्यांशेजारी फळझाडे होती आणि वटवाघळांनी अर्धवट खाल्लेली फळे गोठ्यात पडत. तेथे झाडे आणि गोठे यांच्यात अंतर ठेवले की वटवाघूळ आणि डुक्कर यांच्यातील दुवा तुटतो. बांगलादेशात माध्यम निराळे निघाले. तेथे रात्री खजुरीच्या झाडाला तासून गोळा केलेला रस वटवाघळे चाटतात आणि लाळेने किंवा मूत्राने तो दूषित होतो. बांबूच्या कामट्यांचे झाकण बांधून रस झाकणे, कच्चा रस न पिणे किंवा तो उकळणे, हे उपाय तेथे योग्य ठरतात. विषाणू एकच, आश्रयस्थानही एकाच जातकुळीचे, तरीही साखळी दोन ठिकाणी दोन तऱ्हेची असल्याने उपायही निराळे झाले. म्हणूनच दुसऱ्या प्रदेशातील यशस्वी आराखडा जसाच्या तसा उचलू नये.

साखळी मांडताना प्रत्येक दुव्यासमोर तीन गोष्टी लिहाव्यात: दुव्याबद्दलचा पुरावा किती भक्कम आहे, तो तोडण्याचा उपाय कोणता, आणि त्या उपायाचा भार कोणावर पडेल. तिसरी गोष्ट बहुतेक आराखड्यांत गाळलेली असते. ज्याची जनावरे मारायची त्याला भरपाई मिळणार नसेल, तर तो आजारी जनावराची खबर का देईल? भरपाईची तरतूद मानवतेची तर आहेच, पण ती रोगसर्वेक्षणाचाही एक भाग आहे.

रोग कोणत्या पायरीवर आहे, हे ओळखणे

प्राण्यांमधील रोगजंतू माणसाचा रोगजंतू कसा बनतो, याची पाच पायऱ्यांची मांडणी २००७ मध्ये वूल्फ, डुनाव्हन आणि डायमंड यांनी केली. पहिल्या पायरीवर जंतू फक्त प्राण्यांत असतो. दुसऱ्यावर तो प्राण्याकडून माणसात येतो, पण माणसाकडून पुढे पसरत नाही. रेबीज या पायरीवर आहे. तिसऱ्यावर माणसांमध्ये थोडे फेरे होऊन साथ विझते, चौथ्यावर माणसांमधील साथी दीर्घकाळ चालतात आणि पाचव्यावर एचआयव्हीप्रमाणे तो केवळ माणसाचाच रोग होतो.

या मांडणीचा उपयोग साधनसामग्रीची वाटणी करताना होतो. दुसऱ्या पायरीवरील रोगासाठी रुग्णालयातील खाटा वाढवून फारसे साधत नाही; तेथे प्राणी आणि माणूस यांच्या संपर्काच्या जागी काम करावे लागते. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये एच५एन१ बर्ड फ्लूची १८ माणसांना बाधा झाली आणि सहा जण दगावले. तेव्हा तेथील सुमारे १५ लाख कोंबड्या मारण्यात आल्या आणि तो उद्रेक थांबला. तो निर्णय कठोर होता, पण विषाणू अजून माणसांमध्ये सहज पसरू लागलेला नसताना तो घेतला गेला, हे त्याचे खरे मर्म आहे. ‘वन हेल्थ’ ही माणूस, प्राणी आणि परिसंस्था यांचे आरोग्य एकत्र पाहणारी संकल्पना याच पायऱ्यांवर सर्वाधिक उपयोगी पडते. तिचा अर्थ संयुक्त बैठक एवढाच घेऊ नये. पशुवैद्यकीय प्रयोगशाळेतील संशयास्पद निष्कर्ष त्याच दिवशी मानवी आरोग्य विभागाला कळतो का, या एका कसोटीवर ती तपासावी.

संसर्गाचे गणित: किती रोखले म्हणजे पुरे

माणसाकडून माणसाकडे प्रसार सुरू झाला की गणिताला पर्याय नसतो. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये मांडलेले प्रारूप आजही पायाभूत आहे. त्यात लोकसंख्येचे संसर्गक्षम (म्हणजे संसर्ग होऊ शकेल असे), संसर्गित आणि बरे किंवा मृत झालेले असे तीन गट पाडले जातात. त्यातून पुढे प्रचारात आलेला महत्त्वाचा आकडा म्हणजे मूळ प्रसार-अंक, ज्याला आर-नॉट म्हणतात. सर्व लोक संसर्गक्षम असताना एक रुग्ण सरासरी किती जणांना बाधित करतो, ते हा अंक सांगतो. हा अंक म्हणजे एका संपर्कात संसर्ग होण्याची शक्यता, दर दिवसाचे संपर्क आणि संसर्ग पसरवण्याचे दिवस या तिन्हींचा गुणाकार असतो. यांतला प्रत्येक घटक वेगळ्या उपायाने कमी होतो, म्हणून आराखडा लिहिणाऱ्याने अंकापेक्षा त्याच्या घटकांकडे अधिक लक्ष द्यावे.

समजा, हा अंक २.५ आहे. मास्क आणि वायुवीजनाने संसर्गाची शक्यता ३० टक्क्यांनी, गर्दी टाळल्याने संपर्क ३० टक्क्यांनी आणि लवकर विलगीकरण केल्याने संसर्ग पसरवण्याचे दिवस २० टक्क्यांनी घटले. यांपैकी कोणताही उपाय एकटा साथ थांबवू शकत नाही, पण २.५ ला ०.७, ०.७ आणि ०.८ ने गुणले की उत्तर ०.९८ येते. अंक एकच्या खाली आला म्हणजे साथ ओसरू लागते. अर्धवट उपायांना निरुपयोगी ठरवणाऱ्यांसमोर हा गुणाकार मांडावा. लसीसाठीही हेच गणित लागू पडते: एकातून प्रसार-अंकाचा व्यस्तांक वजा केला की, किती लोकांना प्रतिकारशक्ती मिळाली पाहिजे ते कळते. गोवराचा अंक १२ ते १८ मानला जातो, म्हणून त्यासाठी ९२ ते ९४ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात.

मात्र केवळ हा अंक पाहून नियंत्रण शक्य आहे की नाही हे ठरवणे धोक्याचे आहे. त्याच्याइतकीच महत्त्वाची दुसरी बाब म्हणजे एकूण प्रसारापैकी किती प्रसार लक्षणे दिसण्याआधी किंवा लक्षणांविनाच होतो, ही होय. प्रसार-अंक ३ असून त्यातला १० टक्के प्रसारच लक्षणांविना होत असेल, तर प्रत्येक रुग्णाला लक्षणे दिसताच वेगळे केल्यावर उरणारा अंक ०.३ असतो आणि साथ विझते. तोच वाटा ४० टक्के असेल, तर अचूक विलगीकरणानंतरही १.२ उरतो आणि साथ वाढतच राहते. सार्सचे रुग्ण लक्षणे सुरू झाल्यानंतर, आजार बळावल्यावर अधिक संसर्गकारक होत. त्यामुळे लस किंवा खात्रीचे औषध नसतानाही विलगीकरण आणि संपर्कशोध यांच्या जोरावर ती साथ आटोक्यात आल्याचे जागतिक आरोग्य संघटनेला ५ जुलै २००३ रोजी जाहीर करता आले. कोविड-१९ च्या बाबतीत लक्षणांआधीचा प्रसार मोठा असल्याने तेच उपाय अपुरे पडले. म्हणून नव्या रोगाच्या पहिल्या शंभर रुग्णांची माहिती घेताना लक्षणे सुरू झाल्याची तारीख आणि संपर्काची तारीख या दोन्ही नोंदवल्याच पाहिजेत. त्या नसतील तर हा निर्णायक आकडा काढताच येत नाही.

सरासरीत आणखी एक गोष्ट लपते. काही रोगांत बहुतेक रुग्ण कोणालाच बाधित करत नाहीत आणि मोजके रुग्ण अनेकांना करतात. फेब्रुवारी २००३ मध्ये हाँगकाँगच्या एका हॉटेलात उतरलेल्या एकाच बाधित व्यक्तीपासून सार्स अनेक देशांत गेला. असा असमान प्रसार दिसत असेल, तर रुग्णाने पुढे कोणाला बाधित केले याबरोबरच त्याला स्वतःला संसर्ग कुठे झाला, हेही उलट दिशेने शोधावे, कारण त्या ठिकाणी इतरही बाधित सापडण्याची शक्यता जास्त असते.

उपायांचे थर आणि त्यांचा क्रम

मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांची छिद्रे असलेल्या चीजच्या कापांची उपमा आता सर्वपरिचित आहे: प्रत्येक उपायात छिद्रे असतात, पण अनेक काप एकामागे एक ठेवले की धोका आरपार जात नाही. तिला व्यावसायिक सुरक्षेतील उतरंडीची जोड द्यावी. धोका मुळातून काढणे सर्वांत प्रभावी. त्यानंतर बांधणी आणि वायुवीजनासारखे अभियांत्रिकी उपाय, मग कामाच्या पद्धतीतील बदल आणि शेवटी वैयक्तिक संरक्षक साधने. आराखड्यातील बहुतांश उपाय उतरंडीच्या तळाशी, म्हणजे व्यक्तीच्या सततच्या सावधपणावर अवलंबून असतील, तर तो आराखडा थकलेल्या कर्मचाऱ्यांच्या तिसऱ्या आठवड्यात कोलमडेल. २०१५ मध्ये दक्षिण कोरियात परदेशातून परतलेल्या एका प्रवाशापासून मर्स या श्वसनरोगाचे १८६ रुग्ण झाले आणि त्यात रुग्णालयांतील गर्दी, सामायिक खोल्या आणि रुग्णांचे एका रुग्णालयातून दुसऱ्यात जाणे यांचा मोठा वाटा होता. यांतले काहीही मास्कच्या सूचनेने सुटणारे नव्हते.

लोक ऐकत नाहीत, असे म्हणण्याआधी

वर्तनाच्या चौकटी आराखड्यात सर्वांत शेवटी येतात आणि बहुधा ‘जनजागृती’ या एका शब्दात संपतात. हे मला फार खटकते. १९५० च्या दशकात विकसित झालेले आरोग्य-श्रद्धा प्रारूप विचारते की, व्यक्तीला स्वतःला धोका वाटतो का, आजार गंभीर वाटतो का, उपायाचा फायदा दिसतो का आणि मार्गात अडथळे कोणते आहेत. अलीकडची दुसरी चौकट वर्तनाचे क्षमता, संधी आणि प्रेरणा असे तीन भाग पाडते. जनजागृतीने फार तर माहिती आणि थोडी प्रेरणा मिळते. रोजच्या मजुरीवर जगणाऱ्याला घरी थांबण्याची संधी तिने मिळत नाही.

पश्चिम आफ्रिकेतील २०१४ ते २०१६ च्या इबोला साथीत २८,६०० हून अधिक रुग्ण आणि ११,३०० हून अधिक मृत्यू नोंदवले गेले. मृतदेहाला स्पर्श करून, स्नान घालून निरोप देण्याच्या विधींतून संसर्ग होत होता. केवळ बंदी घातल्यावर लोक मृत्यू लपवू लागले आणि पथकांना विरोध झाला. पुढे धार्मिक नेत्यांना सोबत घेऊन सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची पद्धत ठरवली गेली, जिच्यात कुटुंबाला प्रार्थनेसाठी आणि निरोपासाठी जागा होती. संसर्गाच्या साखळीने दुवा दाखवला, पण तो तोडण्याची रीत कुटुंबाच्या दुःखाचा मान राखूनच सापडली. म्हणून कोणताही उपाय लिहिताना, ज्यांनी तो पाळायचा त्यांच्यापैकी काहींशी आधी बोलावे आणि त्यांनी सांगितलेले अडथळे त्याच पानावर नोंदवावेत.

शोध आणि सूचना यांची मोजपट्टी

येथे दोन साधने पुरेशी आहेत. पहिले ‘७-१-७’ हे लक्ष्य: उद्भवल्यापासून सात दिवसांत उद्रेक लक्षात यावा, एका दिवसात संबंधित यंत्रणेला कळवावा आणि पुढील सात दिवसांत प्राथमिक प्रतिसादाची कामे पूर्ण व्हावीत. प्रत्येक उद्रेकानंतर या तिन्ही तारखा काढून विलंब कुठे झाला ते शोधावे. दुसरे साधन आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीतील चार प्रश्न: घटनेचा आरोग्यावर गंभीर परिणाम आहे का, ती असामान्य किंवा अनपेक्षित आहे का, ती सीमेपलीकडे पसरण्याचा मोठा धोका आहे का, आणि प्रवास किंवा व्यापारावर निर्बंध येण्याचा मोठा धोका आहे का. कोणत्याही दोन प्रश्नांचे उत्तर होकारार्थी आले, तर मूल्यमापनानंतर २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवणे सदस्य देशांवर बंधनकारक आहे. हे चार प्रश्न देशपातळीसाठी असले, तरी वरिष्ठांना कधी कळवावे याची सवय लावण्यासाठी ते खालच्या पातळीवरही वापरता येतात.

चाचण्यांबाबत एक हिशेब मनात पक्का ठेवावा. दहा हजार लोकांत दहा जण बाधित असतील आणि चाचणी निरोगी व्यक्तींपैकी ९९ टक्क्यांना अचूकपणे निरोगी ठरवत असेल, तरी सुमारे शंभर निरोगी माणसे बाधित ठरतील. रोग विरळ असताना सरसकट चाचणीपेक्षा लक्षणे आणि संपर्क पाहून केलेली चाचणी अधिक विश्वासार्ह ठरते, ती यामुळेच.

गृहीतकांचे पान

आराखडा पूर्ण झाल्यावर शेवटी एक स्वतंत्र पान जोडावे. त्यावर आराखड्यामागील प्रत्येक गृहीतक, त्याचा आजचा पुरावा, ते खोटे ठरवू शकेल असे निरीक्षण आणि ते तपासण्याची जबाबदारी असलेले पद, या चार गोष्टी लिहाव्यात. साथ चालू असताना हे पान दर आठवड्याला ठरावीक वारी सर्वांसमोर वाचावे, आणि ज्याने विसंगती दाखवली त्याचे म्हणणे त्याच्या पदाचा विचार न करता नोंदवून घ्यावे. मलेशियातील त्या उद्रेकासाठी असे पान असते, तर त्यावरील पहिले वाक्य असे असते: ‘रोग डासांमार्फत पसरतो, असे गृहीत धरले आहे, लस घेतलेले प्रौढ आजारी पडू लागले, किंवा रुग्णांच्या गोठ्यांतील डुकरेही आजारी आढळली, तर हे गृहीतक त्याच दिवशी पुन्हा तपासावे.’